शेरवानीवरची पांढरी धूळ

आमच्या भागात धुळीबद्दल कोणी कोणाकडे तक्रार करत नाही. इकडे विमानतळाचं काम, तिकडे टॉवरांचं, आणि हायवेवरून न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर. सकाळी पुसलेल्या गॅलरीच्या कठड्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. एवढ्या धुळीत आमच्या एका छोट्या गाळ्यातून निघालेली धूळ मात्र लोकांनी बरोबर ओळखली, कारण ती पांढरी होती. बाकीची धूळ विकासाची होती. ही आमची होती.

विमा कंपनीतली नोकरी मी मुदतीआधी सोडली. इतकी वर्षं लोकांच्या अपघातांचे कागद हाताळले, आता हातानं काहीतरी करून बघावं असं वाटत होतं. काचेवर नक्षी कोरायचं शिक्षण मी हौसेनं घेतलं होतंच. त्यात पनवेलजवळ विचुंब्याकडे एकामागून एक इमारती उभ्या राहत होत्या, आणि नव्या घराला दार लागायच्या आधी दारावरची पाटी ठरत होती. लाकडाची नको, पितळेची नको, काचेचीच हवी, मागून दिवा लागणारी. मी ठरवलं, आपण काचेच्या पाट्या करायच्या.

विचुंब्याच्या रस्त्याला एक गाळा भाड्यानं मिळाला. गाळ्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांच्या वडिलांच्या काळात त्या जागेवर भात होत होता, खाडीकडे मिठागरं होती. आता तिथे गाळ्यांची रांग होती आणि मागच्या बाजूला शेठची काळी, चकचकीत, भली मोठी गाडी उभी असे. शेठ रोज ती स्वतः पुसत. जमीन विकून आलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांचा जीव या एकाच वस्तूत होता.

शेजारच्या गाळ्यात लग्नाचे पोशाख भाड्यानं देणारं दुकान होतं. दुकानदार मूळचे शिंपी, बोलायला फार अदबशीर. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. त्यांच्या दुकानात शेरवान्या, बंदगळे, फेटे, मोजड्या ओळीनं मांडलेल्या असत. त्यातल्या बऱ्याचशा शेरवान्या काळ्या होत्या. हल्ली नवरदेवांना काळं चालतं, असं ते खेदानं सांगत.

आमचं मशीन म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याला समोर बघायची काच, काचेखाली दोन भोकं, आणि त्या भोकांना आतल्या बाजूनं बसवलेले कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. आपण बाहेर उभं राहून त्यात हात घालायचे, आतली काच धरायची आणि पायानं पेडल दाबायचं. नळीतून कणीदार भुकटी जोरात सुटते आणि काचेच्या उघड्या ठेवलेल्या भागावर आपटून तो भाग दुधी करते. बाकीच्या काचेवर चिकटपट्टी असते, ती वाचते. शेठनी सुरुवातीलाच खाडीची रेती फुकट देऊ केली होती, पण रेतीची धूळ छातीत बसते आणि मग निघत नाही, म्हणून आम्ही कंपनीचीच भुकटी आणायचो. कपाटाच्या मागे एक पेटी, पेटीत पंखा आणि कापडाच्या लांब पिशव्या. पंख्यानं कपाटातली धूळ ओढायची, पिशव्यांनी ती अडवायची, आणि स्वच्छ हवा मागच्या खिडकीतून बाहेर सोडायची. कागदावर असं होतं.

नवरा तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. तो गुणवत्ता तपासनीस होता. लोकांच्या कारखान्यात जायचं, काय चुकलंय ते दाखवायचं आणि चहा पिऊन यायचं, असं त्यानं आयुष्यभर केलं होतं. आता त्याच्या तपासणीसाठी एकच कारखाना उरला होता, तो माझा.

पहिले काही आठवडे छान गेले. मग एक दिवस भाईजान दारात उभे राहिले. हातात काळी शेरवानी, दोन्ही तळव्यांवर आडवी, एखादं लहान मूल आणावं तशी.

"मॅडम, गैरसमज नसावा," ते म्हणाले. "काल एक नवरदेव कपडे बघायला आला. त्याच्या आईनं शेरवानीचा खांदा झटकला आणि म्हणाली, याच्या आधीच्या नवरदेवाला कोंडा होता का? मी काय जवाब देणार?"

मी बघितलं. खांद्यावर पांढरी, पिठासारखी धूळ होती. मी इतकी ओशाळले की ती शेरवानी त्यांच्या हातातून घेऊन तिथेच झटकायला लागले, आणि ती धूळ माझ्या काळ्या टेबलावर बसली. 

नवऱ्याला मात्र उत्साह आला. त्यानं मशीन सुरू करायला लावलं आणि उदबत्ती घेऊन कपाटाभोवती फिरला. धूर कुठे हलतो ते बघायचं होतं. समोरून आलेल्या एका गिऱ्हाइकानं चप्पल काढून हात जोडले.

"सापडलं," नवरा म्हणाला. "दाराच्या फटीतून फुर्र करून बाहेर येतंय. आणि मागे हे बघ, चक्क भोक! नुसती जाळी लावलीये. कंपनीवाले विसरलेच बंद करायला."

"विसरतील कसे? जाळी मुद्दाम लावली असेल ना?"

"अगं, मी इतक्या कंपन्या बघितल्यात. काहीही विसरतात."

त्यानं दाराच्या फटींना रबर चिकटवलं, सांध्यांना सिलिकॉन भरलं, आणि मागच्या भोकात जुन्या गादीचा फोम असा ठासला की बूच लावल्यासारखं झालं. धूळ बाहेर यायची बंद झाली. भाईजानना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मला चहा पाजला आणि धुळीच्या भीतीनं शेरवान्यांवर घातलेली प्लॅस्टिकची आवरणं काढून टाकली. त्या आवरणांमुळे दुकानाला इस्पितळाची कळा आली होती, असं ते म्हणाले.

आता धूळ बाहेर येत नव्हती, याचा अर्थ ती आत होती. पेडल दाबलं की क्षणभर सगळं दिसायचं, आणि मग काचेपलीकडे धुकं. माथेरानला गेल्यासारखं. मी अंदाजानं हात फिरवायची, थांबायची, धुकं खाली बसायची वाट बघायची, पुन्हा फिरवायची. नवरा म्हणाला, "निदान दुकान तरी स्वच्छ आहे."

त्याच धुक्यात मी एका कुटुंबाच्या नव्या घराची पाटी केली. घराचं नाव त्यांनी 'स्वप्नपूर्ती' ठेवलं होतं. पाटी सुंदर झाली. वास्तुशांतीच्या सकाळी ती लागली, मागचा दिवा लावला गेला, आणि थोड्या वेळात त्या घरच्या गृहस्थांचा फोन आला.

"ताई, रफार कुठंय?"

"काय?"

"पूर्तीवरचा रफार. तो नाहीये. आमचे गुरुजी दारातच थांबलेत. म्हणतात, पूती म्हणजे संस्कृतात दुर्गंधी. स्वप्नांची दुर्गंधी अशी पाटी लावून आत पूजा कशी सांगू?"

धुक्यात माझी नळी रफारावरून फिरलीच नव्हती. मी धावत गेले आणि काचेवर कशीबशी रफाराच्या आकाराची तात्पुरती कागदाची पट्टी चिकटवून दिली. गुरुजींनी ती मान्य केली. पण घरी परत येताना मला रडू आलं. नोकरीत मी हजारो अर्ज तपासले होते, एक मात्रा कधी सुटली नव्हती. आणि इथे माझ्याच हातानं, माझ्याच डोळ्यांसमोर, मला दिसत नव्हतं.

मशीन विकणारा माणूस दुसऱ्या शहरात होता. त्याचा आवाज नेहमी गाडी चालवत असल्यासारखा यायचा.

"मॅडम, सिंपल आहे. सक्शन कमी पडतंय. मोठी मोटर लावा, मोठा पंखा लावा. प्रॉब्लेम खतम."

"तुम्ही एकदा येऊन बघता का?"

"बघायचं काय त्यात? सेम केस सगळीकडे असते."

मोठा पंखा आला. नवऱ्यानं तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. बटण दाबलं तेव्हा विमान उडाल्यासारखा आवाज झाला, आणि मी किंचाळले. कपाटातले दोन्ही हातमोजे आपोआप ताठ उभे राहिले होते. आत कोणीच नव्हतं, पण दोन जाड काळे हात बोटं पसरून समोर धरलेले, जणू कोणी कपाटातून आशीर्वाद देत होतं. कपाटाचं दार उघडायला गेले तर उघडेना. पंखा बंद केल्यावर ते सुस्कारा सोडून उघडलं.

"बघ, काय ओढ आहे!" नवरा खूष होऊन म्हणाला.

ओढ होती, पण धुकं तसंच होतं. हात ताठ मोज्यांत घालायला मात्र दुप्पट जोर लागायचा. दोन-चार दिवस मी तशीच झगडले. मग एका सकाळी काम करत असताना पेटीत फट्ट असा आवाज झाला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मी पेडलवरचा पाय काढला, पण पंखा चालूच होता, आणि पेटीत साठलेलं सगळं तो मागच्या खिडकीतून मनापासून बाहेर फेकत होता. नवऱ्यानं बटण बंद करेपर्यंत उशीर झाला होता.

बाहेरून शेठचा आवाज आला. "वयनी! ओ वयनी! जरा भायेर या."

आम्ही मागे गेलो. शेठ गाडीजवळ कमरेवर हात ठेवून उभे होते. गाडी ओळखू येत नव्हती.

"ही माजी गाडी हाय, का पिठात घोलवलेला हलवा? तव्यावर टाकायचीच बाकी हाय!"

काळ्या हलवा माशाचा तुकडा तळायच्या आधी तांदळाच्या पिठात घोळवला की जसा दिसतो, गाडी हुबेहूब तशी दिसत होती. मला हसू फुटलं आणि मी ते खोकल्यात लपवलं. नवरा पुढे होऊन त्यांना समजावून सांगू लागला की पिशवीवर ताण आला, ती फाटली, ही एक आकस्मिक घटना आहे.

"आकस्मिक तुमच्या घरी," शेठ म्हणाले. "हात नका लावू. पुसाया गेलं तर चरे पडतील. पानी मारा आधी." मग थोडं थांबून, "आमी मीठ पिकवायचो तवा येवडं पांढरं कधी दिसलं नाय. मिठाला निदान कोन इकत तरी घ्यायचा." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नवरा आणि मी दोघांनी मिळून ती गाडी धुतली. शेठ खुर्ची टाकून बसले आणि कुठे राहिलंय ते बोट दाखवून सांगत राहिले. नवऱ्याच्या कामाची तपासणी होताना मी पहिल्यांदाच बघत होते.

गलका ऐकून भाईजानही आले. त्यांनी पेटीतली फाटलेली पिशवी हातात घेतली, कापड चिमटीत धरलं, शिवण उलटी करून बघितली, आणि तोंडानं च्यक केलं.

"हे काय कापड आहे, मॅडम? आणि ही काय शिलाई? द्या इकडे. मी शिवून देतो. अशी शिवतो की उमरभर फाटणार नाही."

ज्या माणसाच्या मालावर आमची धूळ बसली तोच मदतीला आला होता. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी नव्या पिशव्या शिवून आणल्या. बंदगळ्याला आत लावतात ते जाड कापड, त्याला अस्तर, कडेनं पट्टी, दुहेरी टाके. इतक्या देखण्या होत्या की एखादा नवरदेव त्या घालून लग्नाला उभा राहिला असता. आम्ही त्या बसवल्या. त्यातून धूळ जात नव्हती. हवाही जात नव्हती. पंखा नुसता घोंघावत बसला आणि कपाटात मला माझ्या हातांची बोटंसुद्धा दिसेनात.

हे भाईजानना सांगायची हिंमत मला झाली नाही. मी त्यांना म्हणाले, पिशव्या फार सुंदर आहेत. ते खरंच होतं. मग कंपनीच्या पिशव्या मागवल्या आणि त्या येईपर्यंत मशीन बंद ठेवलं.

त्या रिकाम्या दिवसांत मी दुपारी भाईजानांच्या दुकानात जाऊन बसायची. शेरवान्यांवर अजून धूळ सापडत होती, कॉलरच्या आत, बटणांच्या नक्षीत. ते एका टोकाकडून ब्रश मारायचे, मी दुसऱ्या. ते सांगत, जास्त जोरात घासलं तर धूळ कापडात शिरते, हलक्या हातानं वरून खाली झटकायची. मध्येच गिऱ्हाईक येई. बारीक अंगाचा नवरदेव आणि भारदस्त शेरवानी, किंवा उलट. नवरदेव आरशात बघे, आई नवरदेवाकडे बघे, आणि भाईजान दोघांकडे बघून म्हणत, "माशाल्ला, जणू यांच्यासाठीच शिवलीय." सगळ्यांना तेच म्हणत. त्यांच्या दुकानासाठी काचेची पाटी केली तर तिच्यावर काय असावं ते मी विचारलं, तर म्हणाले, "आधी तुमचं मशीन सुधरू दे, मॅडम. माझ्या नावातल्या अक्षराखालचा नुक्ता गेला तर माझी बायको मला घरात घेणार नाही."

रफाराची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

नव्या पिशव्या आल्या, बसवल्या, मोठा पंखा सुरू केला. हातमोजे परत ताठ. थोडं बरं होतं, पण धुकं हटत नव्हतं. मशीनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, याहून मोठा पंखा पण येतो." मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की हे मशीन विकून टाकू. मला वाटलं होतं तो समजावेल. त्यानं चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाला, "मी उगाच मध्ये पडलो का गं?" इतक्या वर्षांत त्यानं मला असं काही विचारलं नव्हतं. मला त्याचीही दया आली आणि थोडा रागही आला, कारण आता त्याला धीर द्यायचं कामही माझ्याकडेच आलं.

हातात एकच पाटी राहिली होती. ती संपवून दुकान बंद करू, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी बसले. डावा मोजा रोज ओढून ओढून मनगटापाशी विरला होता. मी हात घातला आणि तो टरकन फाटला. बदलायला दुसरा नव्हता. तशीच पुढे गेले, म्हटलं आता काय व्हायचं ते होऊ दे. पेडल दाबलं.

आणि मला दिसलं. काच दिसली, काचेवरचं अक्षर दिसलं, नळीचं टोक दिसलं, नळीतून सुटणारी भुकटी अक्षरावर आपटून मागच्या बाजूला कशी खेचली जाते तेसुद्धा दिसलं. धुकं नव्हतंच. माझ्या डाव्या हाताला गार लागत होतं. मी थांबून बघितलं तर फाटलेल्या मोज्यातून बाहेरची हवा माझ्या हाताला घासत आत जात होती.

मी पेडल सोडलं, फाटलेली जागा मुठीत आवळून धरली, पुन्हा दाबलं. धुकं. सोडली. साफ. हे मी किती वेळा केलं कोण जाणे. मग मी उठून कपाटाच्या मागे गेले, भोकातला तो गादीचा फोम दोन्ही हातांनी ओढून काढला आणि मोज्याच्या फाटक्या जागी चिकटपट्टी गुंडाळली. परत बसले. पेडल दाबलं. साफ.

पंखा हवा बाहेर ओढणार, तर आत ती कुठूनतरी यायला नको का? आम्ही आत यायची वाट बुजवली होती आणि बाहेर न्यायला राक्षस आणून बसवला होता.

"अहो, ऐका!" मी नवऱ्याला हाक मारली. एरवी मी त्याला अहो म्हणत नाही. तो धावतच आला. मी त्याला हातमोजे दाखवले. ते आता सैल लोंबत होते. त्यानं फोमकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, जाळीला हात लावून बघितला.

"म्हणजे हे भोक..."

"हो."

"कंपनीनं मुद्दाम..."

"हो."

त्यानं फोम उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग म्हणाला, "पण मग सुरुवातीला धूळ का येत होती?" हा प्रश्न मात्र चांगला होता. आम्ही दोघांनी मिळून त्याचा छडा लावला. पहिल्या दिवसापासून पिशव्या कोणी झटकल्याच नव्हत्या. पेटीच्या बाजूला एक दांडा होता, तो हलवला की पिशव्या हलून धूळ खालच्या खणात पडते. तो दांडा म्हणजे पेटी उचलायची मूठ आहे असं आम्ही धरून चाललो होतो आणि त्यावर फडकं वाळत घालत होतो. खाडीची दमट हवा लागून पिशव्यांवर धुळीचा पापुद्रा बसला होता, हवेला बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून ती मिळेल त्या फटीतून शेरवान्यांकडे जात होती.

तरी सगळं सुटलं नव्हतंच. भोक मोकळं झाल्यावर मोठा पंखा इतका ओढायला लागला की धुळीबरोबर, एरवी तळाशी पडून पुन्हा नळीत जाणारी चांगली भुकटीही खेचून खणात टाकू लागला, आणि नळी कोरडी पडू लागली. शेवटी तो काढून जुना छोटा पंखा परत लावला. भोक उघडं, पंखा छोटा, पिशव्या कंपनीच्या. महिनोन्‌महिने खपून आम्ही मशीन कंपनीनं पाठवलं होतं तसं करून ठेवलं. मोठा पंखा शेठ घेऊन गेले. मागल्या अंगणात सुकी मासळी वाळवतात तिथे माश्या हाकलायला तो लावलाय, आणि फार कामाचा आहे म्हणतात.

भाईजानांची पाटी मी केली, नुक्त्यासकट. त्यांनी शिवलेल्या त्या पिशव्यांबद्दल ते अधूनमधून विचारतात. अजून टिकल्यात का? मी सांगते, एक टाका उसवलेला नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर त्याला आता तळोजा, कळंबोलीकडून फोन येतात. कोणाच्या तरी कारखान्यात असंच कपाट असतं, धूळ नीट ओढत नसतं, आणि कोणीतरी कोणाला तरी सांगितलेलं असतं की पनवेलला एक तज्ज्ञ साहेब आहेत. तो इस्त्रीचा शर्ट घालून जातो, मशीनभोवती एक फेरी मारतो आणि मग अगदी हळू आवाजात विचारतो, "आत हवा कुठून घेता?" लोक चकित होतात म्हणे. परवा एका ठिकाणी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळाची मी चटणी केली, शाल त्यानं नीट घडी करून कपाटात ठेवली आणि मला म्हणाला, "तुला यायचंय का एकदा? बघ तरी मी कसं समजावतो ते."

मी म्हटलं, येईन की. पण सध्या ऑर्डरी फार आहेत.